हाडवैराची सबब

दोन शेजारी समाजांत कत्तल सुरू झाली की दूरच्या राजधान्यांमधून एक ठरलेलं उत्तर येतं. हे वैर फार जुनं आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, बाहेरच्यांनी मध्ये पडून काही साधणार नाही. बोस्नियाच्या बाबतीत हे उत्तर साडेतीन वर्षं पुन्हा पुन्हा देण्यात आलं. सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेचे हंगामी परराष्ट्रमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर यांनी सांगून टाकलं की, सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम आपण होऊन एकमेकांना मारायचं थांबवत नाहीत तोवर बाहेरचं जग काही करू शकत नाही. ईगलबर्गर बेलग्रेडमध्ये अमेरिकेचे राजदूत राहिलेले होते, तेव्हा अज्ञानाची सवलत त्यांना देता येत नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली, पक्ष बदलला, आणि नवे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनीही शतकानुशतकांच्या द्वेषाचाच दाखला दिला. रॉबर्ट कॅप्लान यांचं ‘बाल्कन घोस्ट्स’ हे प्रवासवर्णन वाचून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा कारवाईचा विचार डळमळला, अशी नोंद त्या काळच्या पत्रकारांनी केली आहे.

आपल्याकडेही युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की हेच ऐकू येतं. तीन धर्मांची माणसं एका देशात कोंबली, टिटो होता तोवर दडपून ठेवली, तो गेला आणि झाकण उडालं, असं शिकली-सवरलेली माणसं सहज बोलून जातात. त्यातून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो: वेगळ्या धर्माच्या लोकांना एकत्र नांदता येत नाही, नकाशावर रेघ ओढावी आणि मोकळं व्हावं. हे प्रतिपादन मला खोटं वाटतं, आणि घातकही. बोस्नियातलं वैर जुनं नव्हतं. आणि वैर जुनं म्हणून जगानं काही केलं नाही, हेही खरं नाही. जगानं बरंच काही केलं, आणि त्यातलं बहुतेक बळजोराच्या पथ्यावर पडलं.

आधी इतिहासाकडे बघू. पुराव्यादाखल नेहमी १३८९ ची कोसोवोची लढाई पुढे केली जाते. त्या लढाईत एकीकडे ऑटोमन सुलतान मुराद होता, दुसरीकडे सर्ब राजा लाझार, आणि लाझारच्या मदतीला बोस्नियाचा राजा त्वर्त्को याची फौज आलेली होती. म्हणजे ज्या लढाईवरून सर्ब आणि बोस्नियन यांचं सहाशे वर्षांचं वैर सिद्ध करायचं, तिथेच ते खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढे ऑटोमन काळात बोस्नियात जे उठाव झाले, त्यांत १८७५ चा हर्झेगोव्हिनातला उठाव मोठा. तो पेटला शेतसाऱ्यावरून, जमीनदार आणि कुळं यांच्यात. धर्माची फळी त्यात आली, कारण जमीनदार बहुतेक मुस्लिम आणि कुळं बहुतेक ख्रिश्चन होती. मात्र एका गावानं दुसरं गाव पुसून टाकावं असा प्रकार तिथे परंपरेनं चालत आलेला नव्हता.

तसा प्रकार खऱ्या अर्थानं घडला तो १९४१ ते १९४५ या काळात, आणि तो कोणी झाकू नये. हिटलरच्या आश्रयानं झाग्रेबमध्ये क्रोएट फॅसिस्ट उस्ताशांचं राज्य आलं. यासेनोवात्सच्या छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा माणसं हजारोंनी मारली गेली. पूर्व बोस्नियात सर्ब राष्ट्रवादी चेटनिकांनी मुस्लिमांच्या कत्तली केल्या. ही जखम खरी होती आणि घराघरांत होती. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या संहाराची आठवण म्हणजे नव्या संहाराचं कारण असेल, तर फ्रान्स आणि जर्मनीचं काय? १८७०, १९१४, १९३९ अशी तीन युद्धं त्यांनी सत्तर वर्षांत एकमेकांशी केली. फेब्रुवारी १९९२ मध्ये, सारायेव्होला वेढा पडण्याच्या दोन महिने आधी, त्यांनी मास्ट्रिक्टला एका चलनाच्या करारावर सह्या केल्या. त्यांच्याबद्दल तेव्हा हाडवैराची भाषा कोणी केली नाही. ती बाल्कनांसाठी राखून ठेवलेली होती, आफ्रिकेसाठी, आणि खरं सांगायचं तर आपल्यासाठीही.

आठवण आपोआप हत्यार होत नाही. तिचं हत्यार करावं लागतं, आणि ते कोणी केलं, कधी केलं याच्या तारखा उपलब्ध आहेत. एप्रिल १९८७ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच नावाचा कम्युनिस्ट पदाधिकारी कोसोवोत गेला आणि तक्रार घेऊन आलेल्या सर्बांना म्हणाला की तुमच्यावर हात उचलण्याची कोणाची हिंमत होता कामा नये. बेलग्रेडच्या दूरदर्शननं ते दृश्य वारंवार दाखवलं. काही महिन्यांत त्यानं पक्ष ताब्यात घेतला, पाठोपाठ माध्यमं घेतली. २८ जून १९८९ ला त्याच १३८९ च्या लढाईच्या सहाशेव्या वर्षदिनी प्रचंड मेळावा भरवून त्यानं पुढच्या सशस्त्र लढायांचा उल्लेख केला. कम्युनिझम कोसळत होता, युगोस्लाव्हिया कर्जात बुडालेला होता, महागाई हाताबाहेर गेली होती, आणि सत्ता टिकवायला नवं काहीतरी हवं होतं. झाग्रेबमध्ये क्रोएशियाचे नेते फ्रान्यो तुजमान यांनाही तसंच काही हवं होतं. मार्च १९९१ मध्ये हे दोघे कराजोर्जेव्होला भेटले आणि त्यांच्या बोलण्यात बोस्नियाच्या वाटणीचा विषय होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नोव्हेंबर १९९० च्या निवडणुकीत बोस्नियातल्या लोकांनीच आपापल्या जमातीच्या पक्षांना निवडून दिलं. हे खरं आहे. पण त्या वेळी हे तिन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध लढत नव्हते. कम्युनिस्टांना हटवायला ते एकत्र आलेले होते आणि मिळून राज्य चालवू असं सांगत होते. लोकांनी मतं दिली ती या आश्वासनाला. छावण्या आणि सामूहिक कबरी यांना कोणी मत दिलं नाही. शिवाय तुझ्लासारख्या औद्योगिक शहरात जमातीच्या पक्षांचा पराभव झाला, आणि युद्धभर ते शहर मिश्र राहिलं.

प्रियेदोरची हकिकत थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण हाडवैराचा सिद्धांत जिथे तपासून बघता येतो असं ते ठिकाण आहे. वायव्य बोस्नियातला हा तालुका. १९९१ च्या जनगणनेत मुस्लिम आणि सर्ब जवळजवळ सारख्याच संख्येनं, चव्वेचाळीस टक्के आणि बेचाळीस टक्के. लोखंडाच्या खाणी, त्यांत एकत्र काम करणारे मजूर, एकाच शाळेत शिकलेली मुलं. ऑगस्ट १९९१ मध्ये सर्ब निमलष्करी टोळीनं जवळच्या कोझारा डोंगरावरचं दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र ताब्यात घेतलं. त्या दिवसापासून प्रियेदोरच्या घरांत सारायेव्होचं दूरदर्शन दिसेनासं झालं आणि बेलग्रेडचं दिसू लागलं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायालयात हे सगळं नोंदलं गेलं आहे. द्वेष शेकडो वर्षं रक्तात भिनलेला असता, तर तो पसरवायला डोंगरावरचा मनोरा काबीज करण्याची गरज कोणाला पडली असती?

३० एप्रिल १९९२ च्या पहाटे सर्ब पक्षानं पोलिस आणि लष्कराच्या मदतीनं नगरपालिका बळकावली. सकाळी लोक उठले तेव्हा चौकांत नाकी होती. मग स्थानिक रेडिओवर आणि पत्रात नावानिशी प्रचार सुरू झाला: अमुक क्रोएट डॉक्टर सर्ब बायकांचे गर्भ पाडतो, मुलगे जन्मले तर त्यांना नपुंसक करतो, अमुक मुस्लिम डॉक्टर सर्ब बायकांना अशी इंजेक्शनं देतो की त्यांना मुलगा होऊ नये. गावातल्याच डॉक्टरांबद्दल हे सांगण्यात येत होतं. ३१ मे रोजी रेडिओवरून हुकूम सुटला की, सर्बेतरांनी घरावर पांढरं कापड लावावं आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी. शेजारी कोण आणि शत्रू कोण हे चेहऱ्यावरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून ओळखता येत नव्हतं, म्हणून पट्टी लागली. त्याच सुमारास ओमार्स्काची खाण छावणी झाली, केरातेर्मचा विटा-फरश्यांचा कारखाना छावणी झाला, त्र्नोपोल्येची शाळा छावणी झाली. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पत्रकार तिथे पोचले आणि काटेरी तारेमागची हाडं निघालेली माणसं जगानं पाहिली. या एका तालुक्यात तीन हजारांच्या वर माणसं मारली गेली.

यावर कोणी म्हणेल, छावणीतले पहारेकरी कैद्यांच्या ओळखीचेच होते, मग शेजाऱ्यानंच शेजाऱ्याला मारलं की नाही? मारलं. हे मी नाकारत नाही, आणि त्या माणसांना माफही करत नाही. पण ती आपण होऊन उठलेली नव्हती. त्यांच्यामागे तालुक्याची आणीबाणी समिती होती, पोलिसांच्या याद्या होत्या, लष्कराच्या गोदामातली शस्त्रं होती, आणि ज्यानं भाग घ्यायला नकार दिला त्याला स्वतःच्या घरादाराची भीती होती. ज्या सर्बांनी शेजाऱ्यांना लपवलं त्यांना हाडवैराच्या सिद्धांतात जागाच नाही. सारायेव्होच्या बचावासाठी लढणाऱ्या सैन्यातले सेनानी योव्हान दिव्याक सर्ब होते, याचंही स्पष्टीकरण त्या सिद्धांताकडे नाही. ५ आणि ६ एप्रिल १९९२ ला सारायेव्होच्या रस्त्यांवर हजारो माणसं, तिन्ही जमातींची, शांततेच्या मागणीसाठी उतरली आणि त्यांच्यावर उंचावरून गोळ्या झाडण्यात आल्या. तुझ्लात २५ मे १९९५ च्या संध्याकाळी शहराच्या चौकात जमलेल्या तरुण मुलामुलींवर एक तोफगोळा येऊन पडला. ७१ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनी धर्म न पाहता एकाच ठिकाणी शेजारी शेजारी पुरलं.

हे युद्ध लावणाऱ्यांना आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीव होती. १२ मे १९९२ ला बान्या लुकात बोस्नियन सर्बांच्या सभागृहात त्यांचे नेते राडोव्हान कराजिच यांनी सहा उद्दिष्टं मांडली. पहिलं उद्दिष्ट होतं सर्बांना इतर दोन समाजांपासून वेगळं काढणं. त्याच बैठकीत रात्को म्लादिच यांनी, जे पुढे स्रेब्रेनित्साच्या संहाराबद्दल जन्मठेपेला गेले, इशारा दिला की माणसं म्हणजे इकडून तिकडे हलवता येणाऱ्या वस्तू नव्हेत आणि असं करणं म्हणजे वंशसंहार ठरेल. कामाचं खरं नाव त्यांना आधीच माहीत होतं आणि तरी त्यांनी सेनापतिपद स्वीकारलं. लंडन आणि वॉशिंग्टनला मात्र ते नाव पुढची तीन वर्षं सापडेना.

आता जगानं काय केलं ते पाहू. २५ सप्टेंबर १९९१ ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक ७१३ करून संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर ती सगळ्यांना सारखी होती. युगोस्लाव लष्कर युरोपातलं एक मोठं लष्कर होतं. त्याचे रणगाडे, तोफा, दारूगोळा आणि अधिकारी मे १९९२ मध्ये नाव बदलून म्लादिच यांच्या सैन्यात आले. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियाला मान्यता मिळाली, मेमध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, आणि सदस्य राष्ट्राला सनदेनं दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क त्याच संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी चालू ठेवून काढून घेतला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड ती बंदी उठवायला वर्षानुवर्षं विरोध करत राहिले. याला अलिप्तता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोघांच्या मारामारीत एकाच्या हातात कुऱ्हाड असताना दुसऱ्याचे हात धरून ठेवणारा माणूस तटस्थ नसतो.

आपला एक धागा इथे जुळतो. संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियात पाठवलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनाप्रमुख होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे, वीरचक्र मिळवलेले अधिकारी. मार्च १९९२ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा सेनेचं काम होतं क्रोएशियात आणि मुख्यालय मात्र सारायेव्होत. निळे झेंडे दिसले की बोस्निया शांत राहील, अशी न्यूयॉर्कची आशा होती. बोस्नियाचे अध्यक्ष आलिया इझेतबेगोविच युद्ध सुरू होण्यापूर्वीच तिथे शांतिसैनिक मागत होते. ते मिळाले नाहीत. शहरावर तोफा सुरू झाल्या तेव्हा मुख्यालयातल्या सैनिकांना बोस्नियात काही करण्याचा अधिकारच नव्हता, आणि मेमध्ये मुख्यालयाचा मोठा भाग शहरातून हलवला गेला. यात सैनिकांचा किंवा सेनापतीचा दोष मी काढत नाही. ज्यांनी त्यांना अधिकाराविना पाठवलं, दोष त्यांचा आहे. पण सारायेव्होच्या माणसांनी पाहिलं ते एवढंच की जगाच्या गाड्या आल्या होत्या आणि निघून गेल्या.

नकाशांची गोष्ट तर याहून वाईट. नकाशावर रेघ ओढली की प्रश्न मिटतो, असं म्हणणाऱ्यांनी १९९३ चा मध्य बोस्निया अभ्यासावा. त्या वर्षी जानेवारीत आंतरराष्ट्रीय मध्यस्थ सायरस व्हान्स आणि लॉर्ड ओवेन यांनी बोस्नियाचे दहा प्रांत करण्याची योजना मांडली. बहुतेक प्रांतांना कोणत्या ना कोणत्या जमातीचा रंग होता. तोवर क्रोएट आणि मुस्लिम बऱ्याच ठिकाणी सर्ब फौजेविरुद्ध एकत्र लढत होते. नकाशा आला आणि क्रोएट नेत्यांना वाटलं की आपल्या रंगाचे प्रांत आता आपलेच. एप्रिलमध्ये त्यांनी बोस्नियन सैन्याला निर्वाणीचा इशारा दिला: आमच्या प्रांतांतल्या तुमच्या तुकड्या आमच्या हुकुमाखाली आणा नाहीतर निघा. १६ एप्रिलच्या पहाटे लाश्वा खोऱ्यातल्या आहमिची गावात क्रोएट सैनिक शिरले आणि शंभराहून अधिक मुस्लिम गावकरी, बाया-मुलांसकट, मारले. कालचे मित्र आजचे वैरी झाले, आणि या वैराला शेकडो वर्षं सोडाच, एक वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. मोस्तारचा चारशे वर्षांचा पूल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रोएट तोफांनी पाडला. क्रोएट नेत्यांचा मनसुबा आधीचा होता, हे खरं. पण परक्या मुत्सद्द्यांच्या टेबलावरच्या रंगीत नकाशानं त्या मनसुब्याला कायदेशीरपणाचा वास दिला.

१९९३ च्या त्याच एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेनं स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं आणि मेमध्ये सारायेव्हो, तुझ्ला, झेपा, गोराझ्दे, बिहाच ही आणखी पाच. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी हिशेब करून सांगितलं की या क्षेत्रांच्या खऱ्या बचावाला ३४,००० सैनिक लागतील. सदस्य राष्ट्रांनी मंजूर केले ७,६००. स्रेब्रेनित्सात अडकलेल्या बोस्नियन सैनिकांकडून शस्त्रं मात्र जमा करून घेण्यात आली. जुलै १९९५ मध्ये म्लादिच यांची फौज स्रेब्रेनित्सावर चालून आली तेव्हा तिथे चारशेच्या आसपास डच सैनिक होते. त्यांनी मागितलेली हवाई मदत आली ती उशिरा आणि नावापुरती. ११ जुलैला गाव पडलं. हजारो माणसं पोतोचारीच्या डच तळाकडे धावली. तळाच्या आत घेतलेल्या पुरुषांनाही दरवाजाबाहेर काढून देण्यात आलं, आणि बाहेर बायका-मुलं एका बाजूला, पुरुष आणि मुलगे दुसऱ्या बाजूला अशी निवड चालू होती. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. मग पुरावा नको म्हणून यंत्रांनी कबरी उकरून प्रेतं दुसरीकडे नेली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन कबरींत सापडत राहिली आणि आयांना मुलाचा कोणता भाग कधी पुरायचा हे ठरवावं लागलं.

या सगळ्यावर शेवटचा बचाव असतो तो ‘सगळेच तसले’ हा. गुन्हे तिन्ही बाजूंनी झाले, यात शंका नाही. चेलेबिचीच्या छावणीत बोस्नियन सैन्यानं सर्ब कैद्यांचे हाल केले. हेगला त्याबद्दल शिक्षा झाल्या आणि त्या योग्यच होत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या मोहिमेमुळे त्याच देशातल्या क्रायिनातून दीड-दोन लाख सर्बांना घरं सोडून पळावं लागलं. त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ट्रॅक्टरांच्या रांगा पाहून ज्याला वाईट वाटत नाही त्यानं मानवी हक्कांवर बोलू नये. पण सगळ्यांनी गुन्हे केले यावरून सगळ्यांचे गुन्हे सारखे ठरत नाहीत. शहराला जवळजवळ चार वर्षं वेढा घालणं, राष्ट्रीय ग्रंथालयावर आगीचे गोळे टाकणं, तालुकेच्या तालुके ठरवून रिकामे करणं, हे एका राज्ययंत्रणेनं आखलेलं काम होतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या जॉर्ज केनी, मार्शल हॅरिस, जॉन वेस्टर्न, स्टीफन वॉकर या अधिकाऱ्यांना समोर येणाऱ्या अहवालांवरून हे दिसत होतं. धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी १९९२ आणि १९९३ मध्ये राजीनामे दिले. स्रेब्रेनित्सानंतर संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांसाठीचे विशेष प्रतिवेदक ताद्येउश माझोव्हिएत्स्की यांनीही पद सोडलं. माहिती नव्हती म्हणून हात बांधलेले राहिले, असं त्यानंतर कोणाला म्हणता येत नाही.

मग करायला काय हवं होतं? इराक आणि लिबिया पाहिलेल्या वाचकाला हस्तक्षेप या शब्दाचीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे. बॉम्ब हे माझं पहिलं उत्तर नाही. त्याच बाल्कनांत मॅसिडोनियाचं उदाहरण आहे. तिथेही दोन शेजारी समाज, स्लाव आणि अल्बेनियन. तिथेही जुन्या तक्रारी, आणि सीमेपलीकडे मिलोशेविच. डिसेंबर १९९२ मध्ये, युद्ध पेटण्याआधी, सुरक्षा परिषदेनं तिथे छोटी प्रतिबंधक सेना पाठवली. पुढच्या वर्षी तीत अमेरिकन सैनिकही आले. सगळे मिळून हजाराच्या घरातलं हे बळ सहा वर्षं तिथे राहिलं आणि त्या सहा वर्षांत युद्ध झालं नाही. १९९९ मध्ये मॅसिडोनियानं तैवानला मान्यता दिल्यावर चीननं मुदतवाढ नाकारली, सेना निघाली, आणि २००१ मध्ये तिथे लढाई पेटली. एका उदाहरणानं नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण इझेतबेगोविच जे मागत होते ते अशक्य होतं, असं म्हणण्याची वाट तरी त्यानं बंद होते. आणि ज्या बोस्नियात काहीच करता येणार नाही असं साडेतीन वर्षं सांगितलं गेलं, तिथे ३० ऑगस्ट ते २० सप्टेंबर १९९५ या तीन आठवड्यांतल्या नाटोच्या हवाई हल्ल्यांनी आणि क्रोएट व बोस्नियन फौजांच्या जमिनीवरच्या चढाईनं सर्ब नेते वाटाघाटींना आले. लाखभर माणसं मेल्यानंतर.

रवांडात हाच प्रकार आणखी वेगानं झाला. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, त्याच टेकड्यांवर राहत, त्याच चर्चमध्ये जात. ओळखपत्रावर जात छापायची पद्धत बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात आणली. तिथेही रेडिओ लागला, याद्या लागल्या. आणि कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिल १९९४ ला, सुरक्षा परिषदेनं तिथली अडीच हजारांची सेना २७० वर आणण्याचा ठराव केला. तेव्हाही टोळ्यांच्या जुन्या भांडणाचाच दाखला दिला गेला.

हाडवैराचा सिद्धांत युद्धाबरोबर संपत नाही, तो तहात जाऊन बसतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये डेटनला झालेल्या करारानं कत्तल थांबली, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण देशाची राज्यघटना त्या कराराचं एक परिशिष्ट म्हणून आली आणि तिनं जमातींची वाटणी कायम केली. देशाच्या अध्यक्षमंडळावर तिघेच: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. देर्वो सेय्दिच रोमा आहेत आणि याकोब फिंत्सी ज्यू, म्हणून दोघांनाही या पदासाठी उभं राहता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. घटना अजून तशीच आहे. मध्य बोस्नियात एकाच शाळेच्या इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक मुलं वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकतात. याय्त्से गावात २०१६ मध्ये मोठ्यांनी आणखी एक वेगळी शाळा काढायचा घाट घातला तेव्हा दोन्हीकडची मुलंच रस्त्यावर आली, आम्हाला वेगळं करू नका म्हणाली, आणि तो बेत त्यांनी हाणून पाडला.

आणि आपण? २३ मे २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ जुलै हा स्रेब्रेनित्सा वंशसंहाराचा स्मृतिदिन म्हणून पाळण्याचा ठराव आला. तो मांडणाऱ्यांत जर्मनी आणि रवांडा होते, ज्यांना या विषयावर बोलण्याचा वेगळाच अधिकार आहे. ठरावात सर्बियाचं नाव नव्हतं. गुन्हेगारी जबाबदारी व्यक्तीची असते, ती कोणत्याही समाजावर लादता येत नाही, हे मोंटेनेग्रोच्या आग्रहानं त्यात घातलेलं होतं. ८४ देशांनी बाजूनं मत दिलं, १९ देशांनी विरोधात, आणि ६८ तटस्थ राहिले. त्या ६८ मध्ये भारत होता. बेलग्रेडशी असलेली जुनी मैत्री, अलिप्त चळवळीची आठवण, कोसोवोच्या प्रश्नावरची आपली भूमिका, ही कारणं मला समजतात. पण हेगच्या न्यायालयानं आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जे सिद्ध झालं असं म्हटलं, ते मान्य केल्यानं यांतलं काहीही बिघडत नव्हतं. असे ठराव जुन्या जखमा उकरतात, असा युक्तिवाद त्या दिवशी सभागृहात विरोधकांकडून झाला. १९९२ मध्ये झालेल्या युक्तिवादाचंच ते पुढचं टोक आहे. ज्या देशाचा अधिकारी तिथल्या शांतिसेनेचा पहिला प्रमुख होता आणि ज्याला शेजारच्या समाजांना भडकवण्याचं राजकारण १९४७ पासून ठाऊक आहे, त्या देशानं बाजूनं मत द्यायला हवं होतं.